नवव्या पानावरची ओळ

रांझी, जबलपूर
६ जुलै २०२५

रत्नाकर सरांना नमस्कार.

मी नंदा, गुणवंत ढोमण्यांची बायको. तुम्ही जबलपूरला कंप्युटरचा क्लास घ्यायचे तेव्हा ते तुमच्याकडे शिकायला होते. दोन वर्षं झाली, ते गेले. तुम्हाला कळवलं नाही कारण पत्ता सापडेना. त्यांच्या डायरीत मी ‘र’मध्ये शोधून राहिली होती, अन् त्यांनी लिहून ठेवला होता ‘स’मध्ये. सर म्हणून.

माझी पोरगी क्षमा हिने तुम्हाला फोन केला होता. तिने तीनदा नाव सांगितलं, तुम्ही तीनदा रॉन्ग नंबर म्हणून ठेवून दिला. मग तुमच्या सूनबाई बोलल्या की ऐकू येत नाही, पत्र लिहा. क्षमा म्हणे मी व्हाट्सऐप करून देते. पण ती लिहायला बसली की माझं अर्धं बोलणं खाऊन टाकते, तिला मराठी समजते पण लिहायचा कंटाळा. म्हणून मीच लिहून राहिली. मी चौथी शिकलेली. चुका काढू नका.

कामाचं बोलते. रिछाईत केतन भैयांचा सलवार सूटचा कारखाना आहे. सव्वीस वर्षं झाली, मी तिथे कटिंग मास्टर आहे. टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, खडूने रेघा मारायच्या अन् मशीनने कापायचं. फर्मे कसे मांडले त्यावर कापड वाचते, नाही तर कचऱ्यात जाते. एक साइज असला तर मी डोळ्याने मांडते. सहा साइज एका थरात आले की डोकं पिंजून जाते. त्याच्यासाठी ह्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. कापडाचा पन्हा टाका, साइज टाका, तो कागद काढून देते की कोणता फर्मा कुठे ठेवायचा. इतकी वर्षं त्याच्यावरच काम चाललं.

मे महिन्यात वीज जोरात आली अन् कंप्युटर जळला. आतलं सगळं गेलं. उरला तो बाजूला भोकं असलेल्या कागदाचा गठ्ठा, एक्केचाळीस पानं. त्यात तो प्रोग्राम छापलेला आहे. मी तो एका कंप्युटर दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो हसला. म्हणे, “आंटीजी, ये भाषा तो कब की मर गई, इसका कंपायलर अब कहाँ मिलेगा.”

केतन भैयांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली आहे. नाही तर ते बाहेरून सॉफ्टवेअर आणतील, अन् ते चालवणारा माणूसही. मग माझं टेबल त्याचं, अन् मी पॅकिंगमध्ये शिवलेल्या सूटांचे धागे तोडायला. सर, मी धागे तोडणार नाही.

कंपायलर म्हणजे काय मला माहीत नाही. तो शोधा. फुकटचा शोधा. आणि लवकर लिहा, तुम्ही मास्तर लोक लांबण फार लावता.

नंदा ढोमणे

*

नागपूर
१५ जुलै २०२५

प्रिय नंदाताई,

गुणवंत गेल्याचं तुमच्या पत्राच्या पहिल्याच ओळींत वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. पुढचं पत्र संध्याकाळी वाचलं. तीनदा फोन ठेवल्याबद्दल क्षमाची माफी मागतो.

सन १९९६. माझ्या वर्गात बावीस मुलं होती. मी मोड्युला-टू नावाची भाषा शिकवणार म्हटल्यावर ‘हिच्यात नोकरी मिळते का?’ असं विचारून एकेक करत एकवीस जणं गेली. गुणवंत उरला. मी म्हटलं, “तू रे का थांबलास?” तर म्हणाला, “सर, इथला पंखा चांगला आहे.” पुढे सहा महिने मी त्या एका मुलाला शिकवलं, आणि तेवढं मन लावून मी पुन्हा कधी शिकवलं नाही.

आता कंपायलर. माणूस प्रोग्राम लिहितो ती भाषा माणसाला वाचता येते, यंत्राला नाही. यंत्राला फक्त आकडे कळतात. माणसाचं लिखाण घेऊन त्याचे यंत्राला कळणारे आकडे करून देणारा जो मध्यस्थ, तो कंपायलर. दर भाषेचा वेगळा. तो नसेल तर तुमची एक्केचाळीस पानं नुसता कागद.

मी आठवडाभर शोधलं. पहिला सापडला तो त्या काळच्या यंत्रांवरच चालतो. दुसऱ्याचं पानच इंटरनेटवरून नाहीसं झालेलं. तिसरा मात्र जिवंत आहे. त्याला जीएनयू मोड्युला-टू म्हणतात. फुकट आहे, आणि चोरीचा नाही. जगभरातली काही माणसं आपला वेळ घालून तो सांभाळतात आणि ज्याला हवा त्याला देतात. दुरुस्तीवाल्याला माझ्याकडून सांगा, भाषा मेलेली नाही. तिच्या घरी फारसं कोणी जात नाही, एवढंच.

पानं पाठवा. मी टाइप करतो.

आपला,
रत्नाकर

*

रांझी
२२ जुलै २०२५

सर,

पानं पाठवली. झेरॉक्स आहे. असली गठ्ठा मी कोणालाच देत नाही, तुम्हालाही नाही. राग मानू नका.

कंपायलरचं मला समजलं. तुम्ही उगाच एवढं लिहिलं. पुठ्ठ्याचा फर्मा म्हणजे सूट नव्हे अन् कापडाचं थान म्हणजेही सूट नव्हे. मधे मास्टर लागतो. तोच तुमचा कंपायलर. मी क्षमाला असं सांगितलं तर म्हणे, “मम्मी, तुला हे कॉलेजात शिकवायला पाहिजे.” मी म्हटलं, चल, भाजी चिर.

पण एक गोष्ट समजली नाही. फुकट काहून देतात ते लोक? आमच्या रिछाईत फुकट फक्त सल्ला मिळते. नंतर काही मागणार तर नाहीत ना? असेल तर आत्ताच सांगा. मागून काही निघालं तर मी त्यांना नाही, तुम्हाला धरीन.

केतन भैया रोज विचारून राहिले, “मास्टरजी, क्या हुआ आपके कागज का?” बाकीचे तोंड दाबून हसतात. मी पण हसते, अन् मनात दिवस मोजते.

नंदा

*

नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

नंदाताई,

झालं! एक्केचाळीस पानं टाइप केली. डोळे साथ देत नाहीत म्हणून रोज दोनच पानं. पहिल्यांदा चालवला तेव्हा कंपायलरने अकरा चुका दाखवल्या. जुन्या कंपायलरच्या काही सवयी नव्याला नाहीत, त्याच्या. त्या एकेक काढल्या. काल दुपारी प्रोग्राम चालला. मी उठून सूनबाईला हाक मारली. ती धावत आली, तिला वाटलं मी पडलो.

गुणवंताचं लिखाण बघून ऊर भरून आला. किती नेटकं! सोबत पेन ड्राइव्ह आहे. प्रोग्राम त्यात आहे, आणि कंपायलर लॅपटॉपवर कसा बसवायचा ते क्षमासाठी वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. नंतर कोणी काही मागणार नाही, याची मी हमी देतो.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. प्रोग्राममध्ये मधे मधे काही ओळी नुसत्या टिपा असतात, माणसाने वाचायच्या. कंपायलर त्या वाचतच नाही, सोडून पुढे जातो. त्यामुळे मीही त्या टाइप केल्या नाहीत, डोळ्यांना तेवढाच आराम. आणि नवव्या पानावर गुणवंताचा एक आकडा चुकला होता तो बरोबर केला. विद्यार्थी कितीही तयार झाला तरी एखादी चूक गुरूसाठी ठेवतोच!

यश कळवा.

रत्नाकर

*

रांझी
७ सप्टेंबर २०२५

रत्नाकर सर,

यश कळवते.

शुक्रवारी केतन भैयांनी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं. पॅकिंगच्या बायका, प्रेसवाला, सगळे. गेल्या वर्षी केलेली तीच ऑर्डर होती, सहा साइज, तेवढंच कापड मी अंथरलं. क्षमाने बँकेतून सुट्टी घेतली, लॅपटॉप आणला. कागद निघाला. मी टेप घेऊन कागदाप्रमाणे एकेक फर्मा मांडत गेली.

दुसऱ्याच फर्म्याला मला दिसलं. कुर्त्याच्या पुढच्या भागामध्ये अन् बाहीमध्ये एवढी जागा काहून? तिथे बोट जात होतं. माझ्या मांडणीत दोन फर्म्यांमधून सुतळी निघत नाही. पुढे तसंच. प्रत्येक फर्म्याभोवती कापड रिकामं. माझा डोळा सांगून राहिला होता, नंदा, हे चूक आहे. पण कागद ह्यांचा होता. मी डोळ्याचं ऐकलं नाही, कागदाचं ऐकलं.

शेवटच्या दोन बाह्या कापडाच्या बाहेर गेल्या. टेबलाच्या लाकडावर ठेवल्या मी त्या. प्रेसवाला म्हणे, “मास्टरजी, बाँहें लकड़ी की बनेंगी क्या?” अन् सगळे हसले. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावर कोणी हसलं नव्हतं.

केतन भैया हसले नाहीत. ते म्हणे, “कोई बात नहीं, मास्टरजी, आपने कोशिश की.” ते जास्त लागलं.

मी फर्मे उचलले, कागद फाडून फेकला अन् डोळ्याने मांडायला घेतलं. सहा साइज. दीड तास लागला, पण बाह्या कापडावर आल्या. तरी त्याचं कोणाला काय? सगळ्यांनी पाहायचं ते पाहून घेतलं होतं.

आता खरं सांगा. प्रोग्राम ह्यांनी चुकीचा लिहिला होता का? की तुमचा फुकटचा कंपायलर फुकटच्यासारखाच निघाला? एक तर ते चुकले, नाही तर तो, नाही तर तुम्ही. इतकी वर्षं तोच प्रोग्राम बरोबर कागद काढत होता. ते चुकले असं मी मानणार नाही. म्हणजे दोघंच उरले.

दसऱ्याला पंचवीस दिवस आहेत.

नंदा

*

नागपूर
१४ सप्टेंबर २०२५

नंदाताई,

कंपायलर निर्दोष आहे. गुणवंतही. उरलो मी.

तुमचं पत्र वाचून मी नववं पान पुन्हा काढलं. तिथे एका विताचे इंच किती ते लिहिलं आहे. गुणवंताने लिहिलं होतं ८.२५, सव्वाआठ. मी म्हटलं, वीत नऊ इंचांची, हे कोणीही सांगेल. चुकून पडलं असेल. मी ९ केलं. कपड्याची सगळी मापं त्यात वीत आणि बोटांत आहेत, त्यामुळे माझ्या एका आकड्याने प्रत्येक फर्मा कागदावर मोठा झाला. खरे फर्मे होते तेवढेच राहिले. म्हणून मधे जागा, आणि म्हणून बाह्या लाकडावर.

आता जे सांगतो ते लिहायला दोन दिवस लागले. त्या आकड्याच्या पुढे एक टीप होती. मी न वाचता सोडलेल्या टिपांपैकी. गुणवंताने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं आहे. जशीच्या तशी उतरवतो:

“ही नंदाची वीत आहे. सर नऊ करा म्हणतील. करू नये.”

पंचवीस वर्षांपूर्वी त्याने मला ओळखून ठेवलं होतं. मी त्याला वर्गात रोज सांगायचो की टिपा नीट लिहीत जा, पुढे वाचणाऱ्याच्या उपयोगी पडतात. त्याने लिहिली. मीच वाचली नाही.

तुमची जी फजिती झाली ती माझ्यामुळे. तुमच्या केतन भैयांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखवा.

क्षमाला सांगा, ९ खोडून ८.२५ करावं आणि कंपायलर पुन्हा चालवावा. कंपायलर आता तुमच्याच घरी आहे, मलाही विचारायची गरज नाही. फक्त त्याआधी तुमची वीत टेपने मोजून घ्या. एवढ्या वर्षांत हात बदलला असेल.

अपराधी,
रत्नाकर

*

रांझी
२७ सप्टेंबर २०२५

सर,

अपराधी वगैरे लिहू नका. शाळेत मास्तर चुकले की आम्ही गप्प बसायचो, तुम्ही निदान कबूल तरी केलं. तुमचं पत्र मी कोणाला दाखवणार नाही. ते माझं आहे.

सोबत एक कागद आहे. तो माझा हात आहे. टेबलावर ठेवून पेन्सिल फिरवली. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजून पाहा, सव्वाआठ. दोन सांधे सुजले आहेत, सकाळी मूठ वळत नाही, तरी वीत सव्वाआठच भरली. क्षमाने तीनदा मोजली.

हात मांडताना एक आठवलं. मी कारखान्यात लागली त्या वर्षी ह्यांनी असाच माझा हात वहीवर ठेवून रेघ ओढली होती. मला वाटलं मेंदीची नक्षी काढून राहिले. मी म्हटलं, “आता हे काय नवीन?” तर म्हणे, “हलू नको.” मग रोज विचारायचे, मीडियम कुर्ता किती? मी सांगायची, पाच वीत दोन बोटं. बाही? दोन वीत चार बोटं. मी तेव्हा टेप वापरत नव्हती, आमच्या जुन्या मास्टरने हातानेच शिकवलं. मला वाटायचं माणूस चौकशी करते, त्याला बायकोच्या कामाचं कौतुक आहे. कौतुक होतंच, पण ते लिहून घेऊन राहिले होते. तुमच्या त्या एक्केचाळीस पानांत ते कमी अन् मी जास्त आहे.

आता ऐका. मी केतन भैयांना म्हटलं, एक डाव अजून. ते म्हणे, “मास्टरजी, रहने दीजिए.” मी म्हटलं, “दसरा झाला का? मग रहने कशाला दीजिए?” कालच झालं. सगळ्यांना मी स्वतः बोलावलं, प्रेसवाल्याला तर हात धरून समोर उभं केलं. तीच ऑर्डर, तेवढंच कापड. ह्या वेळी टेप नाही. कागदावरचे आकडे आम्ही विताबोटांत काढून घेतले, अन् मी हाताने मोजून मांडत गेली.

फर्म्याला फर्मा भिडला. सुतळी जाईना. शेवटची बाही ठेवली, तरी समोर कापड उरलं होतं, एक वीत सहा बोटं. मी प्रेसवाल्याला म्हटलं, “लो भैया, इसमें तुम्हारा लकड़ी वाला मुँह बाँध लो.” पॅकिंगच्या सलोनीने शिट्टी वाजवली. बाईमाणूस, अन् अशी शिट्टी.

केतन भैयांनी उरलेलं कापड स्वतः मोजलं, टेपने. बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याने ह्याच ऑर्डरला किती कापड लागेल ते त्यांना सांगून ठेवलं होतं. मग म्हणे, “ये तो बाहर वाले से भी कम लगा.” माझं टेबल माझ्याकडे राहिलं. अन् धागे मी तोडणार नाही.

ते म्हणे, एकच करा, ह्यात नऊ इंच स्टँडर्ड टाकून द्या, म्हणजे उद्या दुसरा कोणीही चालवेल. मी विचारलं, स्टँडर्ड कोणाच्या हाताचं?

नंदा

*

नागपूर
४ ऑक्टोबर २०२५

नंदाताई,

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं. तुमचा हात मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. पट्टी लावून मोजला. सव्वाआठ. यापुढे मी कुठलाही आकडा दुरुस्त करण्याआधी तिकडे बघणार आहे.

एक विचारतो. ज्यांनी तो कंपायलर आपल्याला दिला, त्यांच्यासारखाच हा प्रोग्रामही आपण सगळ्यांसाठी फुकट ठेवावा असं मला वाटतं. कुठल्या तरी गावात तुमच्यासारखीच कोणी असेल. पण तो तुम्हा दोघांचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला.

रत्नाकर

*

रांझी
११ ऑक्टोबर २०२५

सर,

द्या. त्यात विचारायचं काय? आपण घेताना कोणाला विचारलं होतं? मागे मी विचारलं होतं की फुकट काहून देतात. आता समजलं. ज्याने बनवलं त्याला दाखवायचं असते.

पण माझ्या दोन अटी आहेत.

एक. वर नाव लिहा. गुणवंत ढोमणे आणि नंदा ढोमणे, जबलपूर. माझं नाव दुसरं चालेल, पण छोट्या अक्षरात चालणार नाही.

दोन. माझी वीत तशीच जाऊ द्या, पण पुढे लिहा की ज्याने त्याने आपली मोजून टाकावी, अन् फर्म्यांची मापंही आपल्याच हाताने घ्यावी. मी इथे तेच केलं. सलोनी अन् मेघना, पॅकिंगच्या दोघी पोरींना मी टेबलावर घेतलं, केतन भैयांना सांगून, विचारून नाही. पहिल्या दिवशी कात्री दिली नाही. दोघींचे हात कागदावर ठेवून रेघ ओढली. सलोनीची पावणेआठ, मेघनाची साडेआठ. मग सगळे फर्मे ज्याच्या त्याच्या हाताने मोजायला लावले. क्षमाने तिघींचे प्रोग्राम वेगळे काढून दिले. कंपायलर आता तीच चालवते, फटाफट. आता केतन भैया स्टँडर्डचं नाव काढत नाहीत. परवा गुपचूप स्वतःची वीत मोजून राहिले होते, मी पाहिलं.

त्या दुरुस्तीवाल्याकडेही जाऊन आली मी. काही काम नव्हतं. कागद दाखवला अन् म्हटलं, “भैया, वो भाषा मिल गई. घर पे ही थी.” तो म्हणे, “आंटीजी, किससे बनवाया?” मी म्हटलं, “हमने ही बनाया.” अन् परत आली. ऑटोत बसल्यावर क्षमा म्हणे, “मम्मी, किती अकडून चालून राहिली तू!” मी म्हटलं, चालू दे.

अजून एक. तुम्ही सोडलेली ती ओळ मी क्षमाला त्याच जागी परत लिहायला लावली, नवव्या पानावर, आकड्याच्या पुढे. ती म्हणे, “मम्मी, कंपायलरला लागत नाही ती.” मी म्हटलं, मला लागते.

दिवाळीचा फराळ पार्सलने पाठवते. ऐकू येत नाही पण दात आहेत ना?

नंदा ढोमणे
कटिंग मास्टर